वाचक विचारतात : मुलाला मागे ठेवून बिऱ्हाड हलवावं का?

मागच्या अंकात बँकेतल्या माझ्या सात बदल्यांबद्दल ओझरतं लिहिलं आणि टेबलावर पत्रांचा ढीग झाला. सगळ्यांचा सूर एकच : गाव सोडतोय, मुलं लहान आहेत, काय करू? तीन पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त गेली आहे, त्याला माझा इलाज नाही. त्यातल्या एका वाक्यानं मला दोन रात्री झोपू दिलं नाही.

पत्र पहिलं

ताई, माझे मिस्टर जूनपासून बंगळूरला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहेत. मी मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा केलाय, नोकरीला नऊ वर्षं झाली, त्यातली पाच नवजात बाळांच्या आयसीयूत. मुलगा पहिलीत, मराठी शाळेत. मुलगी चौदा महिन्यांची. मिस्टर म्हणतात दिवाळी झाली की सगळे या. ऑफिसजवळ चौदाव्या मजल्यावर तीन बेडरूमचा फ्लॅट त्यांनी बघून ठेवलाय, फक्त टोकन द्यायचं बाकी आहे. सासूबाई म्हणतात, बाळाला घेऊन तू जा, मुलाला इथंच ठेव, त्याचं वर्ष बुडेल, तिकडं सगळं कानडी. (सासूबाईंचं स्वतःचं माहेर अथणीचं. बहिणींशी फोनवर तासतासभर कानडीतच बोलतात!) सासऱ्यांची पिठाची गिरणी आहे, ते या विषयात काही बोलत नाहीत. माझी नोकरी सुटणार याचं मात्र कुणालाच काही वाटत नाही.
— एक सिस्टर, मिरज

सिस्टर, मुलाला मागे ठेवू नका. कारण आधी सांगते, मग बाकीचं.

१९९१ साली मला बढतीवर बंगळूर मिळालं. धाकटी दहा महिन्यांची, थोरला चार वर्षांचा. यजमानांची बदली रखडली होती. सगळे म्हणाले, तुझं घर लागेपर्यंत थोरला साताऱ्याला आजीकडे राहू दे. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. सहा महिने राहिला. मजेत होता, चांगला गुबगुबीत झाला होता. संक्रांतीला त्याला न्यायला गेले, तर तो आजीच्या पदराआडून बाहेर आला, माझ्या बॅगेकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "तू किती दिवस आहेस?" आलेल्या पाहुणीला विचारतात तसं. आता तो अडतीस वर्षांचा आहे. यातलं काही आठवत नाही म्हणतो. पण घरी कुणी आलं की अजूनही त्याची नजर आधी त्यांच्या बॅगेवर जाते, ती किती मोठी आहे ते बघायला.

तेव्हा जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. तुमच्या बाबतीत मी म्हणेन की एप्रिलपर्यंत तुम्ही तिघं मिरजेतच राहा. सासूबाईंच्या बाजूनं मी बोलतेय असं वाटेल, पण माझं कारण वेगळं आहे. मुलाचं वर्ष पहिलीत बुडून बुडत नाही. शिक्षण हक्क कायद्यात नापास करून मागे ठेवायची मुभा २०१९च्या दुरुस्तीनंतरही पाचवी आणि आठवीपुरतीच आहे. पहिलीत कुणी कुणाला अडवत नाही. वर्ष बुडेल ते तुमचं, आणि त्याचा विचार घरात कुणी केलेला नाही.

नर्सची नोंदणी राज्याच्या नर्सिंग परिषदेत असते, हे तुम्ही मला शिकवाल. महाराष्ट्राची नोंदणी दाखवून कर्नाटकात कायमची नोकरी मिळत नाही. इथल्या परिषदेचं ना-हरकत प्रमाणपत्र काढायचं, मग तिथल्या परिषदेत नोंदणी करायची. या कागदाला महिने लागतात. तो अर्ज याच आठवड्यात करा, सामानाची पहिली खोकी बांधायच्या कितीतरी आधी. लोक उलटं करतात. आधी राजीनामा, मग ट्रक, मग गॅस, आणि बाईच्या नोकरीचं "तिकडे गेल्यावर बघू". तिकडे गेल्यावर कुणी बघत नाही. घर लावण्यात सहा महिने जातात आणि मग बायोडेटात पडलेल्या खिंडाराबद्दल मुलाखतीत तुम्हालाच विचारतात. पाच वर्षं बाळांच्या आयसीयूत काढलेली सिस्टर कुठल्याही शहराला हवीच असते. नवऱ्याला सांगा, तिथं दोन माणसांची नोकरी शोधायची आहे, एकाची सापडली, अर्धं काम झालं.

एप्रिलपर्यंत त्यांनी यायचं. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची गाडी आहे, बंगळूरला रात्री बसलं की दुसऱ्या दिवशी मिरज. पंधरवड्यातून एकदा यायला काही हरकत नाही. आणि आले की मुलाला त्यांनीच शाळेत सोडायचं. आल्या आल्या झोपायचं नाही.

आता घर. टोकन देऊ नका म्हणावं. चौदाव्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट हे घर ऑफिसला जाणाऱ्या माणसानं ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी निवडलंय. तो दिवसातून दोनदा दार उघडणार. तुम्ही कडेवर पोर घेऊन आठ वेळा. पूर्वी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी म्हणजे सिल्क बोर्डच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य काढायचं, म्हणून लोक ऑफिसला चिकटून राहायचे. ऑगस्ट २०२५मध्ये पिवळी मेट्रो सुरू झाली. ती आर. व्ही. रोडहून निघून इलेक्ट्रॉनिक सिटीवरून बोम्मसंद्र्यापर्यंत जाते. जयनगरच्या कडेला, रागीगुड्डा स्टेशनच्या आसपास जुनं दोन खोल्यांचं घर घेतलं तरी नवरा मेट्रोनं जाईल. आणि तुमच्यासाठी त्याच बाजूला निम्हान्स, किडवई, इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था, जयदेव अशी मोठी हॉस्पिटलं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. खासगीही भरपूर. तुमच्या ड्यूटीच्या वेळा विचित्र असणार. रात्री आठला सुटणाऱ्या बाईचं घर जवळ हवं.

घर बघताना संगमरवर बघू नका. मालकाला एकच विचारा, "कावेरी की बोअर?" बंगळूरला कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून येतं आणि सगळीकडे सारखं पोचत नाही. २०२४च्या उन्हाळ्यात बोअर आटल्या तेव्हा चकाचक सोसायट्यांतली माणसं टँकरची वाट बघत बसली होती. नळ किती दिवसाआड येतो, संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, केवढा आहे, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे सगळं मालकापेक्षा खालच्या वॉचमनला विचारा. डिपॉझिटचंही ऐकून ठेवा. तिथं दहा महिन्यांचं भाडं मागायची जुनी रीत आहे. आता घासाघीस करून पाच-सहावर येतात. आणि घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात, ते करारात आधीच वाचा. नंतर भांडून उपयोग नसतो, मी भांडले आहे.

मुलाच्या दाखल्याचं म्हणाल, तर राज्याबाहेर जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकारी कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी लागेल का ते नव्या शाळेला आधी विचारा. लागत असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत त्या कार्यालयात हेलपाटे घालायची पाळी येऊ देऊ नका. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी प्रतही मागून घ्या. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्राच्या आधी, जूनच्या सुरुवातीलाच भरतात, तेव्हा जूनच्या पंधरा तारखेचा हिशेब डोक्यातून काढा. स्कूटी नेणार असाल तर सांगलीच्या आरटीओचं ना-हरकत घ्या. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात राहिली की एमएच १० चालत नाही. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर इथं जमा करून कागद घ्यायचा, मतदार यादीचा नमुना ८ भरायचा, वगैरे. धाकटीच्या लसी मी सांगत नाही. तुम्ही दिवसभर तेच करता, पण स्वतःच्या पोरीचं कार्ड ट्रकमध्ये टाकणाऱ्या सिस्टर मी पाहिल्यात.

ट्रकवरून आठवलं. माझा पाटा बंगळूरला पोचला, वरवंटा पोचला नाही. सामान नेणाऱ्यानं उतरवायच्या आधी ठरल्यापेक्षा दीड हजार जास्त मागितले, तेव्हाचे दीड हजार, आणि पोरगी रडत होती म्हणून मी दिले. वरवंटा मात्र गेला तो गेलाच. तुम्ही प्रत्येक खोक्यावर नंबर घाला, यादीवर ड्रायव्हरची सही घ्या, फोटो काढा, आणि निम्मे पैसे सामान घरात आल्यावरच द्या. मुलांचं एक खोकं मात्र ट्रकमध्ये चढू देऊ नका. रोजची चादर, रोजचा पेला, तो फाटका हत्ती जो काय असेल तो, हे तुमच्याबरोबर गाडीच्या सीटखाली. पहिल्या रात्री त्या घरात दुसरं काही नसलं तरी चालतं.

आणि आता सासूबाई. तुम्ही कंसात लिहिलेलं वाक्य हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं भांडवल आहे, आणि ते तुम्ही उद्गारचिन्ह देऊन उडवून लावलंत! "तिकडं सगळं कानडी" म्हणणाऱ्या बाईचं माहेर अथणीचं. म्हणजे नातू परमुलखात निघालेला नाही, आजीच्या माहेरच्या भाषेत निघालाय. त्यांना हे असं कुणी सांगितलेलं नसणार. लग्न होऊन मिरजेला आल्यावर त्यांचं कानडी फोनपुरतं उरलं. आता पहिल्यांदा त्या घरात कुणाला त्याची गरज पडतेय.

बंगळूरच्या शाळांत कन्नड शिकावंच लागतं, २०१५चा कायदाच आहे. मुलगा दुसरीत जाईल तेव्हा वर्गातली बाकीची मुलं एक वर्ष पुढं असतील. ते वर्ष आजीकडून भरून काढा. आत्तापासून एप्रिलपर्यंत रोज अर्धा तास, पाटी घेऊन. अक्षरं वळणदार असली तरी वर्णमाला आपलीच आहे, अ आ इ ई, क ख ग घ, त्याच क्रमानं. फक्त ए आणि ओ यांना तिकडे ऱ्हस्व भावंडं आहेत. शब्दांचं तर विचारूच नका. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे सगळं आपण तिकडूनच उचललंय. अथणीचं कानडी ऐकून बंगळूरची माणसं गालात हसतील, आपण कोल्हापूरकरांना हसतो तसं. हसू देत.

मी कानडी शिकले ती भाजीवालीकडून. गांधी बझारात एक बाई पालेभाजी घेऊन बसायची. मी मेथीकडे बोट दाखवायचे, ती म्हणायची "मेंत्य सोप्पु". मी म्हटल्याशिवाय जुडी सोडायची नाही. शेपूच्या जुडीला "सब्बसिगे" हे मला आठवडाभर जमेना, आठवडाभर शेपू मिळाला नाही. आमच्या घरात त्याचं कुणाला दुःख झालं नाही ते सोडा. पण त्या कार्तिकात बसवनगुडीत नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरली, कडलेकायी परिषे, तेव्हा तीच बाई मला हाताला धरून घेऊन गेली आणि कुठल्या ढिगातल्या शेंगा घ्यायच्या ते तिनं दाखवलं. थोरला तेव्हा साताऱ्यात होता. त्याच्यासाठी पिशवी भरून शेंगा घेतल्या, आणि घरी येऊन लक्षात आलं की त्या द्यायच्या कुणाला.

सासूबाईंना जूनपासून दोन महिने तुमच्याबरोबर न्या. "मदतीला या" म्हणू नका, "आम्हाला तिथं बोलता येत नाही, तुम्ही चला" म्हणा. गिरणीवाल्या सासऱ्यांचं जेवण कोण करेल हा प्रश्न निघेल. ते काही बोलत नाहीत ना? मग भाकरी थापायलाही शिकतील. ज्वारीचं पीठ घरचंच आहे.

पत्र दुसरं

नांदेडहून पुण्याला येऊन तीन महिने झाले. माझी चार वर्षांची मुलगी वर्षभर रात्री अंथरूण ओलं करत नव्हती, आता रोज करते. सोसायटीतली मुलं तिच्या बोलण्याला हसतात. ती "काय करायलीस" म्हणाली की सगळी मिळून तेच म्हणत तिच्यामागे पळतात. बायको म्हणते आपण घरातच पुण्यासारखं बोलूया. मी सकाळी आठला जातो, रात्री नऊला येतो. डॉक्टरांना दाखवू का?
— एक वडील, वाकड

एकदा दाखवा. लघवीची साधी तपासणी होईल. दिवसाही होत असेल, आग होत असेल, सारखी तहान लागत असेल किंवा शौचाला खडा होत असेल तर लगेच. यातलं काही नसेल तर डॉक्टर बहुतेक तुम्हालाच धीर देतील. पाच वर्षांच्या आतलं अंथरूण ओलं करणं हा आजार धरत नाहीत, आणि घर बदलल्यावर असं होणं नेहमीचं आहे. रागावू नका, चारचौघांत बोलू नका, गादीखाली मेणकापड घाला, झोपण्याआधी बाथरूमला न्या. रात्री उठवून उठवून तिची आणि आईची झोपमोड करू नका.

बोलण्याचं मात्र माझं मत पक्कं आहे. घरातली भाषा बदलू नका. पोरगी बाहेर एकटी पडलीय, आणि तुम्ही आतही तिला सांगणार की आपण बोलतो ते चुकीचं आहे? "करायलीस" हे चांगलं खणखणीत मराठी आहे. "करते आहेस" म्हणायला पुण्याला दोन शब्द लागतात, नांदेडला एकात भागतं. मुलं एका पावसाळ्यात दोन्ही बोलायला लागतात, खाली एक आणि घरात एक. माझी धाकटी तिसऱ्या वर्षी तीन भाषांत भांडायची.

त्या पळणाऱ्या पोरांपैकी एकाला पकडा. सगळ्यांना नाही, एकालाच. त्याला आणि त्याच्या आईला रविवारी घरी बोलवा. नांदेडकडचं काहीतरी करा, धपाटे म्हणा, आणि दही. पोरांची टोळी एकानं फुटते.

पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते आठ ते नऊ. तेरा तास. तीन महिन्यांत तुमची बायको त्या फ्लॅटमध्ये कुणाशी बोलली? तिच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, आणि त्यात ती स्वतःचं बोलणं बदलायला निघालीय. मुलं तिला हसत नसतील, पण लिफ्टमध्ये कुणीतरी हसलं असणार. विचारा तिला. आठवड्यातून दोन दिवस सातला घरी या आणि मुलीला घेऊन खाली तुम्ही जा. तिथं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिला विचारा, "काय करायलीस गं?"

पत्र तिसरं

वय ७४, देवरुख. मुलगा-सून हैदराबादला गेले. पाच वर्षांचा नातू इथं दिवसभर गोठ्यात माझ्या मागे असे. आता व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं थांबतो, "बाय आबा" म्हणतो आणि पळतो. विसरला की काय?
— एक आबा

आबा, विसरला नाही. तुम्ही त्याला "जेवलास का, अभ्यास केलास का" विचारत असणार. त्याला उत्तर एका शब्दात देता येतं आणि मग उभं कशाला राहायचं? तो तुमच्या मागे हिंडायचा तो गप्पा मारायला नाही, तुम्ही काहीतरी करत असायचा म्हणून. फोन गोठ्यात न्या. खुंटीला अडकवा. वासराला पाणी दाखवा, शेण काढा, नारळ सोला, आणि त्याच्याकडे बघू नका. तो बघेल.

शिवाय पोस्टकार्ड पाठवा, अजून पन्नास पैशांना मिळतं. हैदराबादच्या इमारतीत स्वतःच्या नावानं पत्र येणारा तो एकटाच असेल. त्याला पिन कोडची गंमतही कळवा. आपल्याकडचा ४ नं सुरू होतो, तिकडचा ५ नं, आणि ही पद्धत १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या कोकणातल्याच माणसानं बसवली. पत्ता इंग्रजीत, मजकूर मराठीत, मोठ्या अक्षरांत. सूनबाईला वाचून दाखवायला लावू नका, त्याला लावू दे वेळ. खाली वासराचं चित्र काढा. चित्र येत नसलं तरी काढा. हे काय आहे ते विचारायला तो स्वतःहून फोन करेल.